पडद्यामागची चूल

पौष पौर्णिमा, शके १८४५

काल दुपारी ताटात काय होतं ते सांगा बरं. नाही ना सांगता येत? हुलग्याचं माडगं होतं. दोनदा मागून घेतलंत, आणि दिवेलागणीला मलाच विचारलंत, "आज जेवायला घातलं न्हाईस का गं?" म्हणून ही वही. तुम्ही बोटीवर बसलात की बरोबरचा मुनशी ही तुम्हाला वाचून दाखवील, म्हणजे घरून निघताना काय काय झालं ते तुम्हाला तिकडं तरी कळेल. शेवटच्या पानाला पहिलं पान विसराल, तेव्हा पुन्हा वाचायला लावा. मुनशीला सरकारचा पगार आहे.

मी केसरबाई. अक्षरांशी माझी ओळख नाही. सांगते मी, लिहिते सून कौशल्या. ती इंग्रजी हद्दीतली, पाथर्डीकडची, शाळेत चार यत्ता बसलेली. आपल्या मोगलाईत, निजामाच्या हद्दीत, नांदायला आली तेव्हा बायका तिला बघायला यायच्या, जशी काही दोन शेपटांची म्हैस. मी 'न्हाई' म्हणते, ती 'नाही' लिहिते. म्हणते, "आत्याबाई, वहीत असंच लिहितात." लिही बाई. आणखी एक. इतकी वर्षं तुमच्याशी संसार केला, पण समोर तुम्हाला 'म्हातारा' म्हणायची सोय नव्हती. वहीत म्हणून घेणार आहे.

तर झालं असं. मागं लिंबागणेशच्या पाटलाच्या घरी लग्नाचा गोंधळ आपण घातला, तेव्हा बीडचे तालुकदारसाहेब पाहुणे म्हणून बसले होते. आरती होईपर्यंत उठले नाहीत. आज त्यांचा मुनशी घोड्यावरून आला. विलायतेत उन्हाळ्यात मोठं प्रदर्शन भरणार आहे म्हणे, मुलखामुलखाचे गाणारे-वाजवणारे तिथं जमणार. आपल्या राज्यातून गोंधळी जातील, पाच माणसं आणि एक आचारी. बदल्यात त्यांच्या डोंगरातले बाजेवाले हिवाळ्यात हैदराबादला येतील. ते पुरुष घागरे घालतात आणि कातड्याची पखाल काखेत दाबून वाजवतात, असं मुनशीनं शपथ घेऊन सांगितलं.

"म्हणजे साटंलोटं," मी म्हणाले. "आमचे तिकडं, त्यांचे इकडं."

"हौ अम्मा, वैसाच समझो."

"मग नीट नांदवा म्हणावं. आमचा नवरदेव जुना हाय, पण गळा नवा हाय."

मुनशी हसला. म्हातारा हसला नाही. त्याचे डोळे आधीच समुद्रावर गेले होते. मी या घरात आले तेव्हापासून ऐकते आहे, एकदा समुद्र बघायचा. साऱ्या मुलखातल्या देवींना हाका मारणारा हा माणूस, पण स्वतः जालन्यापलीकडं गेलेला नाही.

पाच माणसं म्हणजे नाईक आमचा म्हातारा, सारं गाव ज्याला आप्पा म्हणतं. नाईक पुढं उभा राहून गातो. संबळ आमच्या लेकाचं, रामहरीचं. तुणतुणं आणि दुसरा आवाज पुतण्या बंकटचा. दिवटी धरायला म्हाळू, झांजेला भारत. मुनशी घोड्यावर चढता चढता म्हणाला की नाईकाला साहेब एकदा कचेरीत ऐकतील, मगच नाव पक्कं होईल.

बंकट लगेच बोलला, "काकाचं वय झालंय. येळ पडली तर मी हायच की."

म्हातारा उठला. आत जाऊन कवड्यांची माळ तेलानं पुसत बसला.

पौष वद्य षष्ठी

तालीम सुरू झाली. तिकडं एखाद्या परक्यानं ही वही उघडली तर त्याच्यासाठी सांगून ठेवते. गोंधळ म्हणजे नुसतं गाणं नव्हे. आधी चौक मांडायचा, दिवटी पेटवायची. मग आवतन, म्हणजे एकेका गावची देवी नाव घेऊन बोलवायची. तुळजापूरची भवानी, कोल्हापूरची अंबाबाई, माहूरची रेणुका, जोगाईच्या आंब्याची, म्हणजे अंबाजोगाईची, योगेश्वरी, मग परळीचा वैजनाथ, आणि तसं करत करत पार बारक्या गावच्या देवीपर्यंत. शेवटी माझ्या माहेरची मेसाई. लग्न झालं त्या साली म्हाताऱ्यानं तिला आवतनात घातली. तेव्हा तरणा होता, बायकोला खूश करायचं वेड होतं.

सगळ्या येऊन बसल्या की कथा. कथा सरली की आरती. आरतीनं ज्याला त्याला आपापल्या गावी पाठवायचं. बोलावलं आणि पाठवलं नाही, असं चालत नाही. पाहुणी बोलावून तुम्ही दाराला कडी घालून शेतात निघून जाता का?

मी चुलीवर येसर भाजत होते. धान्यं आणि मसाला भाजून दळायचा आणि आमटीला लावायचा. भाजताना त्याचा वास तीन घरं पलीकडं जातो. म्हातारा अंगणात माहूरपर्यंत आला आणि फिरून तुळजापूरला गेला. मी तिथूनच ओरडले, "अवो, भवानी कवाची येऊन बसली! आता आंब्याला चला!" लगेच गेला. पुढं "परळी!" म्हणून मीच ओरडले. हे हल्ली रोजचं झालं आहे. तुळजापूरचा लळा आहे म्हाताऱ्याला, दुसरं काय! नाहीतर मी ओरडावं म्हणून मुद्दाम करत असेल. तरणेपणी विहिरीवर असेच खडे मारायचा.

पण गळा! वरच्या पट्टीत चढला की गोठ्यातली म्हैस रवंथ थांबवते. मी डोळ्यांनी पाहिलं आहे. म्हैस कुणासाठी थांबत नाही.

पौष वद्य एकादशी

मुनशी घड्याळ घेऊन आला. विलायतेत प्रत्येकाला पाव तास मिळणार.

"कशाला पाव तास?" म्हाताऱ्यानं विचारलं.

"गोंधळाला."

"सगळ्या?"

"सगळ्या."

 मग रामहरी म्हणाला, "मुनशीजी, पाव तासात आमची दिवटी नीट पेटत न्हाई."

"तो आवतन काट डालो. दोन देवी बुलाव, बस."

म्हातारा उठून मुनशीच्या समोर बसला. गोड आवाजात म्हणाला, "बरं. मग कोणत्या देवीला न्हाई म्हणू ते तुमीच सांगा. नाव घ्या. मी तसा निरोप धाडतो."

मुनशीनं डोक्याची टोपी काढली, पुन्हा घातली.  जाताना सांगून गेला, माघ शुद्ध षष्ठीला कचेरीत या, पाव तासात बसवून दाखवा. नाही बसलं तर साहेब बंकटला ऐकतील.

बंकटला पाव तासात बसवता येतं. तो पाव तासात लग्नसुद्धा लावील. गुणी पोरगा आहे, वाईट म्हणत नाही. पण त्याच्या गाण्यात देवी बसत नाहीत, वाटेनं जाता जाता डोकावून जातात.

पौष अमावास्या

आज दुपारी म्हाताऱ्यानं मला 'अक्का' म्हणून हाक मारली. अक्का म्हणजे त्याची थोरली बहीण, पटकीच्या साथीत गेली ती. झोपेतून उठला होता. झोपेतून उठलेला माणूस काहीही बोलतो.

मुनशीजी, हे पान त्याला वाचू नका.

माघ शुद्ध अष्टमी

गाडी परत आली. रामहरी पाय न धुताच चुलीपुढं बसला. हसतोय का रडतोय ते मला कळेना.

"आये, काय सांगू तुला. सायबानं खिशातलं घड्याळ काढून मेजावर ठेवलं. आप्पांनी आवतन धरलं. माहूर झालं, फिरून तुळजापूर. मी संबळावर थाप दिली, म्हणलं आता सरका फुडं. न्हाई सरकले. पुन्यांदा तुळजापूर. बंकट डोळे वटारतोय. तेवढ्यात मुनशी म्हणला, 'बस. हो गया.'"

"आन कथा?"

"कथेचा एक शबुद न्हाई. पाव तास निस्तं आवतन, त्येबी गोल गोल."

माझ्या हातातलं उलथनं तसंच राहिलं.

साहेब हसून उठले. बंकटनं पुढं होऊन सांगितलं, हुकूम असेल तर मी म्हणून दाखवतो. तेव्हा म्हातारा साहेबांना म्हणाला, "तुमी जा, जेवायची येळ झाली. पण देवी येऊन बसल्यात. त्यांना टाकून मला जाता येत न्हाई." आणि कचेरीच्या आवाराबाहेर, लिंबाखाली, त्यानं नव्यानं चौक मांडला. ऐकायला कोण होतं? मुक्कामाला थांबलेले गाडीवान, पहाऱ्यावरचा शिपाई आणि बैल.

"आन आये, तिथं काय झालं कुणास ठावं. एका गाडीवानाच्या बायकोनं तीन धोंड्यांची चूल पेटवून येसर भाजाया घेतलं. आप्पा सारखे वळून चुलीकडं बघत व्हते. आन बघता बघता आंबं आलं, परळी आली, सगळी वळीनं आली. तुझी मेसाईसुदिक! मंग कथा. पार तांबडं फुटंस्तोवर. बंकटसुदिक इसरला की त्यो रागावलाय. आरतीला बघतो तर सायब आमच्या मागं, जोडे काढून उभे."

साहेबांनी सांगितलं, नाईक हाच जाईल. पण पाव तास त्यांच्या हातात नाही, विलायतवाल्यांच्या हातात आहे. होळीच्या आत काही तोड काढा, नाहीतर नाइलाज आहे.

सारखा चुलीकडं बघत होता म्हणे. बघणारच. निघताना धपाटे खाल्ले होते तेवढेच. भुकेला माणूस देवीकडं बघेल की चुलीकडं?

तरी सांगते. घरात कुणी नसताना मी त्या लिंबाच्या दिशेनं हात जोडले. तुळशीला पाणी घालते आहे असं दाखवून.

माघ शुद्ध द्वादशी

तोड निघाली. ती कशी निघाली ते लिही कौशल्या, कारण म्हातारा पुढं सांगेल की त्यानं काढली.

सगळे अंगणात डोकं धरून बसले होते. मी भाकरी वाढत होते. रामहरी म्हणाला, "आये, आज लवकर झालं जेवण." मी म्हणाले, "लवकर कशाचं? पहाटपासनं चूल पेटलीय. तुमाला निस्तं ताट दिसतं. मांडवात पंगत पाव तासात उठती, म्हणून सैपाक पाव तासात होतो व्हय रे?"

म्हाताऱ्याचा घास हातात राहिला. "पुन्यांदा बोल."

"काय बोलू? वाढू का आनखी?"

"पडदा असतो तिथं," तो बंकटला म्हणाला. "मुनशी सांगत व्हता, मोठा पडदा, दोरीनं वर जातो. आवतन आपून पडद्यामागं घालायचं. किती का येळ लागंना. सगळ्या येऊन बसल्या की मंग पडदा वर. पाव तास कथेचा तुकडा. पडदा खाली. मागं जाऊन आरती, सावकाश."

बंकटनं मांडीवर थाप मारली. मग म्हणाला, "काका, लई भारी!" आणि खरंच मनापासून म्हणाला. माझ्याकडं सगळ्यांनी पुन्हा भाकरी मागितली, पण त्यानंतर मला बोलायला कुणी सांगितलं नाही.

माघ पौर्णिमा

आज जातीची पंचायत बसली. संध्याकाळी ग्रहण लागणार म्हणून दुपारीच उरकायचं ठरलं. आम्ही बायका मागं, देवळाच्या भिंतीच्या सावलीत.

थोरला पंच उत्तरेश्वर. त्याच्या मिशा त्याच्या आधी सभेत येतात. त्यानं निवाडा दिला, समुद्र ओलांडायला हरकत नाही, देवीचंच काम आहे. पण परक्या हातचं शिजलेलं अन्न कुणाच्या पोटात गेलं तर परत आल्यावर रोटीबेटी बंद. हैदराबादचा आचारी चालणार नाही.

रामहरी म्हणाला, "मग आमच्यातलाच कुणी तरी रांधंल."

"कोण रे? तू?" उत्तरेश्वर म्हणाला. "तुझ्या हातची भाकर मी माळावर खाल्लीय. त्यापरीस बाटलेलं बरं!"

सगळे हसले. हसणं थांबल्यावर म्हातारा उभा राहिला. माझ्याकडं बघत नव्हता, पायाच्या अंगठ्याकडं बघत होता.

"पंचहो, आचाऱ्याच्या जागी माझ्या घरची चूल येऊ द्या. रामहरीची आई."

"बाईमाणूस? समुद्रापार?"

"हिच्या हातचं पोटात गेल्याबिगर माझा गळा उघडत न्हाई. ही न्हाई आली तर मीबी न्हाई. मग बंकट नाईक. मी खुशीनं सांगतो."

बायकांनी मला कोपरानं ढोसलं. शेजारची छबुबाई म्हणाली, "अगं बया, या वयात बी!" माझे कान तापले. भर सभेत! जिभेचे चोचले पुरवायला बायको बोटीवर न्यायची! समुद्राचं एवढं वेड असलेला माणूस एका भाकरीपायी तो सोडायला निघतो, याला काय म्हणावं? मी घरी येऊन सांगितलं, मी येणार नाही. मला विहिरीत वाकून बघितलं तरी गरगरतं.

ग्रहण सुटेपर्यंत चूल बंद होती. बरंच झालं. भांडायला मोकळा वेळ मिळाला. पण तो भांडलाच नाही.

फाल्गुन शुद्ध तृतीया

अजून 'नाही'च म्हणते आहे. म्हाताऱ्यानं पुन्हा विचारलेलं नाही. कवड्यांची माळ खुंटीला टांगून ठेवली आहे.

फाल्गुन शुद्ध षष्ठी

आज मी लिंबागणेशला गेले होते, देवाला दुर्वा वाहायला. येताना वाटेतच बंकट भेटला. मला न्यायलाच निघाला होता. त्याचा चेहरा पाहून मीच आधी विचारलं.

"काय झालं रे?"

"काय न्हाई, काकू. काका बराय. तालीम धरली व्हती." त्यानं वाटेतला एक खडा पायानं उडवला. "माहूरला आला आन थांबला. फिरून तुळजापूरलाबी गेला न्हाई. निस्ता उभा. मंग घराकडं बघितलं. चूल बंद. मंग खाली बसला."

"ऊन लागलं आसंल."

"काकू, मला नाईक व्हायचंय. खोटं कावून बोलू? पन काकाला असं खाली बसवून न्हाई. तू चल. तू आसलीस की त्यो चुकत न्हाई."

पुतण्यापेक्षा मुलगा शोभतो मेला. मी त्याच्या पायगुणाला नावं ठेवलेली आहेत, ती कौशल्यानं लिहिलेली नाहीत हे बरं.

घरी आले तर म्हातारा ओसरीवर वाती वळत बसला होता. वाती सुरेख. एकसारख्या. मला म्हणाला, "आलीस व्हय?" एवढंच.

आता सांगत असताना कौशल्यानं लेखणी थांबवली आहे. विचारते, "आत्याबाई, तुम्ही चुलीपासून ओरडता, ते रोज?"

रोज.

"कधीपासून?"

दसऱ्यापासून. लिही तू, पुढं लिही.

तिनं लेखणी खालीच ठेवली. मग मीच म्हणाले, बरं, हे पण लिही. बोटीची भीती खरी, पण ती वरवरची. खरी भीती दुसरीच आहे. समुद्राच्या पलीकडं, परक्या मुलखात, एखाद्या सकाळी त्यानं मला ओळखलंच नाही तर? इथं निदान ओळख सांगायला गाव आहे. तिथं मी कुणाला सांगू, की मी याची बायको?

कौशल्या म्हणाली, "आणि तुम्ही बरोबर नसताना ते कुणाला विचारणार, मी कोण?"

चार यत्ता फुकट गेल्या नाहीत पोरीच्या.

फाल्गुन शुद्ध सप्तमी

मी जाते आहे. म्हाताऱ्याला सांगितलं, "तुमच्या पोटाचे हाल मला बघवायचे न्हाईत, म्हणून येते. दुसरं काही मनात आणू नका."

"न्हाई आणत," तो म्हणाला आणि खुंटीवरची माळ काढून गळ्यात घातली. मग माझ्याकडं बराच वेळ बघितलं. म्हणाला, "केसर, मला ठावं हाय."

"काय ठावं हाय?"

"तुला समुद्राचं भ्या वाटतं."

एवढं सांगायला इतका वेळ कशाला बघायचं?

फाल्गुन वद्य पंचमी

मुनशी आणि मी, रोज युद्ध. तो म्हणतो जातं न्यायचं नाही, बोट बुडेल. मी म्हणाले, एवढ्याशा जात्यानं बुडते ती बोट कसली, आधी ते सांगा. लहान जातं येणार, पाटा राहणार, वरवंटा रामहरीच्या गाठोड्यात आहे आणि हे मुनशीला माहीत नाही. मुनशीजी, तुम्ही वाचत असाल तर आता माहीत झालं.

पडद्यामागं चूल चालणार नाही म्हणाला. विलायतेत लाकडी घर असतं, आग लागेल. मग शेगडीवर मिटलं. शेजारी पाण्याची बादली घेऊन एक गोरा शिपाई उभा राहणार आहे. राहू दे. त्यालाही वाढीन.

फाल्गुन वद्य द्वादशी

अंगणात दोन खांबांना वाकळ बांधून पडदा केला. पुढं कौशल्या, छबुबाई, गावची सगळी पोरंबाळं विलायत होऊन बसली. मागं आम्ही, आणि शेगडीपाशी मी.

सकाळपासून माझा घसा बसलेला. मिरच्या कुटल्या होत्या, एक शब्द फुटेना. म्हटलं, आज म्हातारा तुळजापूर-माहूर फेऱ्या घालत बसणार. करायला दुसरं काही नव्हतं म्हणून येसर भाजायला घेतलं. धणे टाकले, दगडफूल टाकलं, वास उठला. म्हाताऱ्यानं आवतन धरलं.

माहूर आलं. मी उलथनं घट्ट धरलं. म्हाताऱ्यानं एक श्वास घेतला, लांब, नाकानं. आणि आंबं आलं. मग परळी. मग एकामागून एक, न अडखळता, जशा लेकी सणाला घरी येतात. शेवटी माझ्या माहेरची मेसाई आली, तिच्या नावाला त्यानं गळा असा वर नेला की मला भाजणं ढवळायचं सुचेना. खालचं जरा करपलं.

इतक्या वर्षांत मी त्याचा गोंधळ नेहमी समोरून ऐकला, बायकांत बसून. पाठीमागून कधी बघितला नव्हता. समोरून दिसतो तो नाईक, झगा, माळा, तोरा. मागून दिसतात त्याच्या पोटऱ्या. हाक देताना टाचा उचलतो, लांबचं कुणी दिसावं म्हणून पोर उचलतं तशा. एवढा मोठा नाईक, आणि देवी येताना दिसावी म्हणून टाचा उचलून बघतो! मला हे माहीतच नव्हतं. समोर बसणाऱ्या कुणालाच माहीत नसेल.

पडदा वर गेला, म्हणजे म्हाळूनं वाकळ सोडली. पाव तास कथा. मुनशीचं घड्याळ वाजायच्या आत कथेचा तुकडा संपला. छबुबाई डोळे पुसत म्हणाली, "फुडं काय झालं पर?" म्हातारा म्हणाला, "त्ये विलायतेला इचार."

चैत्र शुद्ध चतुर्थी. मुक्काम कडा

गुढी उतरवली आणि निघालो. काल कड्याला पोचलो, लेक सुंदरबाईच्या घरी. इथून नगर, तिथून आगगाडी, मग मुंबई. कौशल्या इथपर्यंत सोबत आली, उद्या परत फिरणार. म्हणून हे शेवटचं लिहिणं.

कौशल्या, ही वही मुनशीला द्यायची नाही. आता मी बरोबर आहे, म्हाताऱ्याला काय झालं ते मीच सांगत जाईन, रोज नवं करून. वही तू ठेव. विसरण्यात तूही काही कमी नाहीस. घरून निघताना दुधाचं भांडं चुलीवरच ठेवून आलीस.

आज सकाळी म्हातारा सुंदरबाईच्या ओट्यावर बसून जावयाला सांगत होता, "समुद्र बघणार हाय मी." जावई म्हणाला, "आन आत्याबाई?" म्हातारा म्हणाला, "ती न्हाई बघणार, ती डोळे मिटून बसंल. मी बघून तिला सांगन." म्हणजे बघा, समुद्र त्यानं मला सांगायचा, बाकीचं सगळं मी त्याला.

आता नीट ऐकून लिही. औरंगाबादचं हिमरू कापड पुढल्या बोटीनं जाणार आहे, त्या गाठोड्यांबरोबर सामान घ्यायला मुनशीचा माणूस वैशाखात गावी येईल. त्याच्याकडं द्यायचं ते असं. ज्वारी, पीठ नव्हे, दाणे. जवसाची चटणी, कारळाची चटणी. सांडगे, वाळवलेली मेथी. उत्तरेश्वर काही आणून देईल तर घे, पण उघडून बघ. आणि येसराचं सगळं, ज्वारी, हरभऱ्याची डाळ, धणे, दगडफूल, लवंग, मिरी, निवडून, ऊन दाखवून, वेगवेगळ्या पुरचुंड्यांत. जास्त पाठव, रोजच्या रोज लागणार आहे. भाजू मात्र नकोस, काही झालं तरी भाजू नकोस. कच्चंच पाठव. भाजायचं ते मी तिथं, पडद्यामागं, त्यानं आवतन धरलं की.